खवल्यांच्या चिलखतासाठी ईव्हीए फोम: साहित्यनिवडीचे एक परीक्षण

माझ्या भाचीला मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे लोक निरनिराळ्या पात्रांच्या वेशात येतात त्या कॉमिक्सच्या मेळ्यात, घालण्यासाठी चिलखत हवे होते आणि ते कोणत्याही चित्रपटातील किंवा व्हिडिओ गेममधील पात्राचे नसावे, असा तिचा आग्रह होता. तिने मनाशी रचलेली योद्धी कोकणातल्या रानात राहणारी, खवले मांजराच्या कुळातली आहे. त्यामुळे तिच्या पाठीवर, खांद्यांवर आणि मांड्यांवर एकावर एक चढलेले खवले असावेत, छातीवर मात्र ठोकून काढलेल्या पत्र्यासारखे कवच दिसावे, असे चित्र तिने वहीत काढून माझ्यासमोर ठेवले. चित्र सुरेख होते. त्याखाली लिहिलेल्या दोन अटी मला अधिक महत्त्वाच्या वाटल्या: चिलखत सलग नऊ तास अंगावर राहिले पाहिजे आणि ते पुण्याहून रेल्वेने न्यायचे आहे. गेली बारा-तेरा वर्षे मी महाविद्यालयीन एकांकिकांची वेशभूषा करते. चिलखत कशाचे करावे हे केवळ चित्र पाहून ठरवले की बहुधा चुकते, असे मी अनेकदा पाहिले आहे. ते किती वेळ, कोणत्या हवेत आणि कोणाच्या अंगावर राहणार आहे, एवढे विचारले की बाजारातील निम्मे साहित्य आपोआप बाद होते.

हे परीक्षण मुख्यतः ईव्हीए फोमच्या, म्हणजे चपलांच्या तळव्यांना लागणाऱ्या हलक्या, लवचिक फोमच्या, दोन प्रकारांचे आहे, कारण अखेरीस चिलखताचा बहुतेक भाग त्याचाच झाला. बाकीची साहित्ये तुलनेसाठी येतील. त्यांपैकी काही मी या कामात वापरली आणि काही पूर्वीच्या कामांत वापरून सोडून दिली आहेत.

खवल्यांचे चिलखत ही कल्पना भाचीला अगदी नवी वाटत होती, पण ती तशी नाही. भारतात खऱ्याखुऱ्या खवले मांजराच्या खवल्यांचा शिवलेला एक अंगरखा १८२० साली इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाला भेट म्हणून गेला होता आणि तो आज लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. हा प्राणी आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे त्याच्या खवल्याला हात लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण त्याच्या छायाचित्रांकडे पाहिल्यावर साहित्याकडून काय हवे आहे ते स्पष्ट होते. भारतीय खवले मांजराच्या अंगावर खवल्यांच्या ११ ते १३ रांगा असतात, प्रत्येक खवला आपल्या नखासारख्याच द्रव्याचा, किंचित बाहेर फुगलेला, मुळाशी घट्ट आणि टोकाशी मोकळा असतो. म्हणजे मला दोनशेच्या वर लहान, फुगीर, हलके तुकडे हवे होते, जे वाकताना एकमेकांवरून सरकतील, घासून आवाज करणार नाहीत आणि गर्दीत कोणाच्या हाताला कापणार नाहीत.

प्रथम धातूचा हिशेब मांडला. १.२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ९.४ किलो भरते, १ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमचे २.७ किलो, तर दाट प्रतीच्या १० मिलिमीटर ईव्हीए फोमचे साधारण १ किलो. खवले एकमेकांवर चढतात, म्हणून झाकायच्या जागेच्या जवळजवळ दीडपट साहित्य लागते, हेही लक्षात घ्यावे लागते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांकडून तांब्याचे मठारकाम केलेले छातीकवच करून घ्यावे, असा मोह मला क्षणभर झाला होता, कारण हातोडीच्या ठोक्यांच्या त्या दाट ठिपक्यांची सर कोणत्याही रंगाला येत नाही; परंतु तांबे पोलादाहूनही जड असते आणि माझी भाची पन्नास किलोंचीही नाही. एखाद्या प्रवेशापुरते दहा मिनिटे उभे राहायचे असते, तर मी तो खर्च केला असता.

ईव्हीए म्हणजे इथिलिन व्हिनाइल ॲसिटेट. त्याच्या फोममध्ये बंद पेशी, म्हणजे हवेचे सुटे, मिटलेले बुडबुडे असतात, म्हणून तो पाणी शोषत नाही, दाबला तरी पूर्ववत होतो आणि गरम केला असता मऊ होऊन थंड होताना दिलेला आकार धरून ठेवतो. चपलांचे तळवे याचेच असतात, मुलांच्या खोलीत जमिनीवर जोडायच्या दातेरी चटयाही याच्याच असतात, आणि सारा घोळ येथेच होतो; कारण दोन्हींना दुकानदार ‘ईव्हीए’ किंवा नुसते ‘फोम’ म्हणतात, मात्र चिलखतासाठी त्या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

मी दोन्ही आणल्या. चटईचा ६० सेंटिमीटर बाजूचा आणि १२ मिलिमीटर जाडीचा एक चौकोन स्वयंपाकघरातील काट्यावर २३० ग्रॅम भरला, म्हणजे घनमीटरला सुमारे ५३ किलो. चपलांच्या कच्च्या मालाच्या दुकानातून आणलेल्या काळ्या शीटचा ३० सेंटिमीटर बाजूचा, १० मिलिमीटर जाडीचा तुकडा ९५ ग्रॅम भरला, म्हणजे सुमारे १०५ किलो. घनता दुप्पट झाली की नेमका काय फरक पडतो, हे हातात घेतल्यावरच कळते. चटईवर अंगठ्याचे नख दाबले तर खूण बराच वेळ राहते. शीटवर ती डोळ्यांदेखत भरून येते. चटईची कापलेली कड स्पंजासारखी सच्छिद्र दिसते आणि तिच्यावर कितीही लेप दिले तरी रंगाखालून ती भोके डोकावतात. शीटची कड धारदार पात्याने एका ओढीत कापली तर कातड्यासारखी गुळगुळीत येते. शिवाय चटईच्या एका बाजूला घसरू नये म्हणून खडबडीत नक्षी असते. ती आतल्या बाजूला ठेवली तर अंगाला टोचते, बाहेर ठेवली तर चिलखत जमिनीवरून उचलून आणल्यासारखे दिसते.

तरीही चटईला मी टाकाऊ म्हणणार नाही. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने छातीकवचाचा पहिला नमुना तिच्यातच कापावा. ती कोणत्याही खेळण्यांच्या दुकानात मिळते आणि चुकली तर हळहळ वाटत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात दहा सैनिक एका प्रवेशासाठी उभे करायचे असतील आणि प्रेक्षक वीस फुटांवर असतील, तर सगळे काम चटईत करण्यातही काही गैर नाही. कॉमिक कॉनमध्ये मात्र लोक हातभर अंतरावर येऊन फोटो काढतात आणि परवानगी विचारून, कधी न विचारताही, खवल्याला बोट लावून पाहतात.

दाट शीट घेताना घनतेच्या आकड्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण स्वस्त मालात वजन वाढवण्यासाठी खनिज भुकटी मिसळलेली असते. असा फोम काट्यावर चांगला भरतो, पण गरम करून वाकवला तर घडीच्या रेषेवर बारीक तडे जातात आणि कापताना पात्यावर पांढरी धूळ बसते. म्हणून दुकानात एक कोपरा दुहेरी दुमडून करकचून दाबावा आणि सोडावा. रेष पांढरी पडली तर ती शीट चपलेच्या आतल्या थरापुरतीच ठीक आहे. जाडीही स्वतः मोजावी. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी ६ मिलिमीटर म्हणून मागवलेला फोम मोजपट्टीवर पाच मिलिमीटरसुद्धा भरला नाही आणि परत पाठवण्याच्या खटपटीत आठवडा गेला. मुंबईकडे राहणाऱ्यांनी चेंबूर-कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत चक्कर टाकावी. पादत्राणांचा तो मोठा बाजार आहे, आणि माल हाताळून, वाकवून, वास घेऊन निवडता येणे हा त्या बाजाराचा मोठा लाभ आहे. वास घेण्याचे कारण असे की, काही रंगीत शीटांना येणारा उग्र दर्प महिनाभर जात नाही आणि शिरस्त्राण नाकाशीच असते.

‘फोम’ या एका शब्दाखाली खपवल्या जाणाऱ्या आणखी दोन वस्तूंपासून सावध राहावे. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्यात येणारा पांढरा, चमकदार फोम पॉलिथिलीनचा असतो. तो गरम हवेत आकार धरण्याऐवजी आक्रसतो आणि रबरी गोंद त्याच्यावर नीट धरत नाही. योगासनांच्या अनेक मऊ चटयाही ईव्हीएच्या नसतात आणि त्यांना उष्णतेने आकार देता येत नाही.

जाडीबाबत माझा निर्णय पुढीलप्रमाणे झाला. छाती आणि खांद्यांचे मुख्य कवच १० मिलिमीटरचे, कमरेभोवतीचे पट्टे ६ मिलिमीटरचे आणि खवले ४ मिलिमीटरचे. खवले आधी २ मिलिमीटरच्या फोममध्ये करून पाहिले, पण ते फुगीरपणा टिकवीत नव्हते आणि पंख्याच्या वाऱ्यानेही हलत होते. ६ मिलिमीटरमध्ये केले तेव्हा तीन खवले एकावर एक येतात तेथे जाडी जवळजवळ दोन सेंटिमीटर झाली आणि भाची पाठीवरून गोणी टाकल्यासारखी दिसू लागली. ४ मिलिमीटरच्या एक चौरस मीटर शीटमधून ६ बाय ७ सेंटिमीटरचे दोनशेच्या आसपास खवले निघाले आणि त्या साऱ्यांचे वजन अर्ध्या किलोच्या आत राहिले. हेच खवले ३ मिलिमीटर जाडीच्या कातड्यात केले असते, तर तीन किलोंच्या जवळपास गेले असते.

आकार देण्याचे काम या साहित्यात खरोखर आनंदाचे आहे. हीट गनची गरम हवा हलत्या हाताने फिरवली की फोमचा पृष्ठभाग आधी निस्तेज दिसतो आणि मग एकाएकी किंचित चमकतो. ती चमक म्हणजे वरच्या पेशी मिटल्या, अर्थात पृष्ठभाग बंद झाल्याची खूण आहे. त्याच क्षणी मी प्रत्येक खवला आमटी वाढण्याच्या डावाच्या पाठीवर दाबून धरला आणि वीस-पंचवीस सेकंदांत तो फुगीर होऊन निघाला. मधली शीर आणि कडेच्या बारीक रेषा आधीच पात्याने उथळ कापून ठेवल्या होत्या. उष्णता लागताच त्या आपसूक उघडतात आणि खवल्यावर असतात तशा चरा दिसू लागतात. हेअर ड्रायरने हे काम होईल का, असे मला नेहमी विचारले जाते. २ मिलिमीटरच्या फोमला जेमतेम होते, त्यापुढे होत नाही. हजार-दीड हजार रुपयांची साधी हीट गन घेणे यातच वेळेची आणि मनःशांतीची बचत आहे. पात्याचे मात्र विसरू नये. दाट फोम पात्याची धार आश्चर्यकारक वेगाने खातो आणि बोथट पाते कापण्याऐवजी ओढते. मी दर दहा-बारा खवल्यांमागे कटरचे एक टोक मोडून टाकत होते.

जोडणीसाठी रबरी गोंद लागतो, जो दुकानात ‘एसआर’ म्हणून मागितला जातो. तो दोन्ही कडांना पातळ लावून दहा-पंधरा मिनिटे, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, वाळू द्यायचा आणि मग कडा एकदाच, अचूक, जोडायच्या. चुकल्यास पुन्हा सरकवता येत नाहीत. यात टोल्युइनसारखी द्रावके असतात, त्यामुळे हे काम गच्चीवर करावे आणि हीट गन व गॅसची शेगडी दोन्ही दूर ठेवावीत. त्याचा एक गुणधर्म मी माझ्याच घाईमुळे नव्याने शिकले: वाळलेला रबरी गोंद उष्णतेने पुन्हा मऊ होतो. डाव्या काखेजवळचा सांधा जोडून झाल्यावर मला वक्रता थोडी वाढवावीशी वाटली, म्हणून मी तेथे पुन्हा गरम हवा दिली. सांधा वरून ठीक दिसला, पण कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तोच उघडला. आकार आधी, गोंद नंतर, हा क्रम या साहित्यात मोडता येत नाही.

आता ज्या साहित्याचे नाव पात्रांचे वेश करण्याच्या या छंदात सर्वाधिक आदराने घेतले जाते, त्याविषयी. वोर्बला ही उष्णतेने मऊ होणारी, जर्मनीत विकसित झालेली प्लास्टिकची शीट आहे. सुमारे ९० अंश सेल्सियसला ती कणकेसारखी मऊ होते, स्वतःलाच चिकटते, आणि उरलेले तुकडे पुन्हा मळून त्यांचे दागिने, कडा, शिंगे करता येतात. कण वाया जात नाही, ही गोष्ट माझ्यासारख्या चिंध्या जपून ठेवणाऱ्या बाईला फार भावते. फोमवर तिचा थर चढवला तर कवच टणक होते आणि टकटक वाजवले असता खरोखर पत्र्याजवळ जाणारा आवाज येतो. पण आपल्याकडे ती बहुतांशी आयात करून घ्यावी लागते, वाहतूक आणि आयात शुल्क धरून तिचा भाव फोमच्या कित्येक पट पडतो, आणि संपूर्ण छातीकवच तिने मढवले तर वजन व उष्णता दोन्ही वाढतात. मी एका मैत्रिणीकडून उरलेला पाव तुकडा घेतला आणि तो केवळ तीन ठिकाणी वापरला: गळ्याची कड, मनगटाची कड आणि छातीवरील पदक. युरोपातील जुन्या पोलादी चिलखतांच्या कडा तारेवरून वळवून गोल केलेल्या असत, तशी गोल, न दबणारी कड फोममध्ये येत नाही. वोर्बलात ती पाच मिनिटांत आली. ज्या जागी वस्तू वारंवार हाताळली जाते आणि रेष तीक्ष्ण दिसायला हवी, तेवढ्यापुरतेच तिच्यावर पैसे घालावेत.

शिरस्त्राणासाठी थ्रीडी प्रिंटिंगचा पर्याय भाचीच्या मित्रमंडळींनी सुचवला होता. प्रिंट उत्तम निघते, डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळते, हे मान्य करायला हवे. परंतु सर्वसाधारणपणे वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात बंद उभ्या केलेल्या मोटारीत तेवढी उष्णता सहज होते. पूर्वी एका एकांकिकेसाठी केलेला मुकुट मी अशाच मोटारीतून पानाच्या डब्यासारखा चपटा होऊन निघालेला पाहिला आहे. पीईटीजी किंवा एबीएस ही अधिक उष्णता सोसणारी प्लास्टिके वापरली तर हा धोका कमी होतो. मग उरते ते घासणे: थरांच्या रेषा झाकण्यासाठी मोटारी रंगवणारे वापरतात ती लांबी (पुट्टी) भरायची, पॉलिश पेपरने घासायची, पुन्हा भरायची. या कामाला फोम शिवण्याइतकाच वेळ जातो आणि शिवाय हाताशी धूळच धूळ. मी शिरस्त्राणही फोममध्येच केले. ते खाली पडले तरी फुटत नाही.

सनबोर्ड, म्हणजे जाहिरातींच्या पाट्यांना वापरतात तो हलका फळा, ढालीसाठी आणि तलवारीच्या गाभ्यासाठी चांगला, अंगावर घालण्यासाठी नाही. तो एका मर्यादेनंतर वाकण्याऐवजी मोडतो आणि मोडलेली कड धारदार असते. तो पीव्हीसीचा असल्यामुळे त्याला अति उष्णता देणे टाळावे, कारण त्यातून निघणारा आम्लधर्मी धूर छातीत जातो. थर्माकोलचा विचार कोणी करू नये. २०१८ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेनंतर सजावटीतला त्याचा वापर तसाही आटला आहे, आणि रबरी गोंद लागताच तो विरघळतो. भंगारवाल्याकडे मिळणारी रसायनांची निळी पिंपे कापून, गरम करून सपाट केलेल्या पट्ट्या फारच मजबूत असतात. परदेशात खरोखर काठ्यांनी झुंजणारी मंडळी त्यांची चिलखते करतात. परंतु त्या प्लास्टिकवर गोंदही बसत नाही आणि रंगही टिकत नाही, सारे रिबिटांवर अवलंबून असते, आणि पिंपात पूर्वी काय भरले होते ते भंगारवालाही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कातडे मी पट्ट्यांसाठी घेतले आणि तेथे त्याला पर्याय नाही असे माझे मत झाले आहे. बाभळीची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतींनी कमावलेले, कोल्हापुरी चपलेला लागते त्या जातीचे कातडे ताण सहन करते आणि दिसायलाही खरे वाटते. एका गटई कारागिराने आरीने भोके पाडून, मेणलावल्या दोऱ्याने पट्ट्यांना बक्कल शिवून दिले. त्याच कामाला मी घरी दोन संध्याकाळी घालवल्या असत्या आणि टाके वाकडे आले असते. पूर्ण चिलखत कातड्याचे करण्याचा आग्रह धरणारे लोक मला भेटतात. वजन सोडून दिले तरी पावसाळ्याचे काय, हा माझा त्यांना प्रश्न असतो; कपाटात ठेवलेल्या कातड्यावर श्रावणापर्यंत बुरशीचा पांढरा थर येतो आणि खवल्याखवल्यांतून तो पुसत बसणे ही शिक्षाच आहे.

खवले बसवण्यासाठी पाया म्हणून जाड सुती कॅनव्हास निवडला. प्रत्येक खवल्याच्या वरच्या तिसऱ्या भागाला गोंद आणि त्यावर नायलॉनच्या दोऱ्याचे दोन टाके, अशी दुहेरी बांधणी केली. शिवणयंत्रावर १६ नंबरच्या सुईने ४ मिलिमीटर फोम शिवता येतो, पण टाके जवळजवळ पडले तर तिकिटाला छिद्रांवर फाडावे तसा खवला फाटतो. म्हणून टाक्याची लांबी यंत्रावर मिळेल तितकी मोठी ठेवावी.

लेप आणि रंग यांच्याकडे साहित्य म्हणून फार कमी लोक पाहतात, आणि माझ्या हिशेबात सर्वांत जास्त खर्च तेथेच झाला. फोमचा वाटा एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी होता. उघड्या फोमवर थेट स्प्रे मारला तर तो रंग पितो आणि वाकवल्यावर रंगाला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात. मी चार-चार खवल्यांवर तीन प्रकार करून पाहिले आणि प्रत्येक खवला पन्नास वेळा वाकवला. थेट एनॅमल स्प्रे पंधराव्या-विसाव्या वेळेपर्यंत तडकला. पाणी घालून पातळ केलेल्या पांढऱ्या लाकडी गोंदाचे चार थर दिलेले खवले वाकवण्याच्या परीक्षेत टिकले, परंतु ओल्या फडक्यात अर्धा तास गुंडाळून ठेवल्यावर चिकट झाले, आणि मुंबईच्या दमट हवेत घामाने हेच होणार हे उघड होते. फवारून लावायच्या रबरी लेपाचे तीन थर दिलेल्या खवल्यांना काहीही झाले नाही. तो महाग पडतो, म्हणून मी तडजोड केली: वाकणाऱ्या सर्व भागांवर रबरी लेप, आणि न वाकणाऱ्या छातीकवचावर बाहेरून गोंदाचे थर व त्यावर पाण्याला दाद न देणारे लॅकर. आतली बाजू तशीच सोडली.

रंग ॲक्रिलिकचे घेतले. खवल्यांना आधी काळपट तपकिरी, मग टोकाकडे जवळजवळ कोरड्या ब्रशने पिवळसर शिंगाचा रंग; तेवढ्याने ते जिवंत दिसू लागले. छातीकवचासाठी रंगाच्या दुकानात सुटी मिळणारी चंदेरी पावडर काळ्या थरावर मऊ कापडाने चोळली. बाटलीतल्या तयार चंदेरी रंगापेक्षा हिची झळाळी खोल येते, पण ती फोमवरचा प्रत्येक ओरखडा चुगलखोरासारखी दाखवते. त्यामुळे त्याआधीचा पृष्ठभाग निर्दोष असावा लागतो. ही पावडर नाका-तोंडावर फडके बांधूनच हाताळावी.

प्रत्यक्ष दिवशी चिलखत साडेआठ तास अंगावर राहिले. संपूर्ण वजन, पट्टे आणि शिरस्त्राण धरून, चार किलोंच्या आत होते. दादरहून लोकलमध्ये चढताना उजव्या खांद्याचे कवच दाराशी पार चेपले गेले आणि उतरल्यावर दोन मिनिटांत स्वतःहून पूर्ववत झाले. प्लास्टिक किंवा फायबर असते तर त्याचे तुकडे घरी आले असते. दोष दोन आढळले. काखेजवळचा सांधा उघडला, ज्याचे कारण वर सांगितलेच आहे. दुसरे म्हणजे, एका पट्ट्याचे रिबिट फोममधून आरपार ओढले गेले, कारण मी आतून रुंद वॉशर लावायला कंटाळले होते. खवला एकच गळाला.

उकाड्याचे काय, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. फोम श्वास घेत नाही. पाठीवरचे खवले कॅनव्हासवर असल्यामुळे त्यांच्यातून थोडी हवा खेळली, पण छातीकवचाच्या आतला मलमलचा सदरा दुपारी दोनपर्यंत पिळून काढण्याजोगा झाला होता. आता मी कवचाच्या आतून १० मिलिमीटर फोमच्या चार उभ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, म्हणजे कवच अंगापासून बोटभर दूर राहील आणि गळ्याकडून हवा बाहेर पडेल. नाटकातल्या दहा मिनिटांसाठी याची गरज पडली नसती. या उकाड्यासाठी एक गुण आणि पात्याच्या खर्चासाठी अर्धा गुण कापून मी दाट ईव्हीए शीटला दहापैकी साडेआठ देईन; चटईला पाच, तेही स्नेहसंमेलनाच्या सैनिकांच्या आठवणीने.

घरी आल्यावर चिलखत साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने आतून पुसले, सावलीत वाळवले आणि रुंद लाकडी हँगरवर टांगले. घडी घालून ठेवले तर फोम घडीचा आकार धरतो. कातडी पट्टे काढून वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळे ठेवले आहेत. ४ मिलिमीटर शीटचा अर्धा तुकडा उरला आहे आणि त्यावर भाचीचा डोळा आहे, कारण तिने आता शेपटीचे चित्र काढले आहे. खवल्यांची अडचण नाही, सांगाड्याची आहे; शेपूट चालताना डोलायला हवी, लोंबायला नको. तारेचा सांगाडा वाकून तसाच राहतो, म्हणून या रविवारी बुरूड आळीत जाऊन वेताच्या आणि बांबूच्या कांबी दोन्ही वाकवून पाहणार आहे.